मुंबईतील दुर्लक्षित कलावंतांचा कार्यक्रम: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मुंबईतील वाचनालये, उत्सव मंडळे, महाविद्यालये आणि गृहनिर्माण संस्था आपल्या विभागातील लोककलावंतांना आणि फारशा परिचित नसलेल्या समाजांना मंच देण्याची इच्छा वारंवार बोलून दाखवतात. इच्छा खरी असते, पण कामाचा क्रम उलटा लागतो. आधी तारीख ठरते, मग सभागृह घेतले जाते, मग फलक छापला जातो आणि शेवटच्या दहा दिवसांत कोणी तारपावाले (तारपा हे वारलींचे फुंकवाद्य) किंवा गोंधळी मिळतील का, याची शोधाशोध सुरू होते. मग ज्याच्याकडे दूरध्वनी आहे आणि ज्याला सरकारी कार्यक्रमांची सवय आहे, तोच पुन्हा मिळतो. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप मांडला, ते जिथे होते तिथेच राहतात.

योग्य क्रम असा आहे: माणसे, त्यांची संमती, तारीख, जागा, बिदागी, परवाने, ओळख आणि सर्वांत शेवटी प्रसिद्धी. दोन तासांच्या कार्यक्रमासाठीसुद्धा किमान चार महिने हाताशी ठेवावेत आणि त्यांतील पहिले दोन केवळ भेटीगाठींसाठी राखावेत.

## १. विभाग पायी फिरून माणसे शोधा

आपल्या विभागात कोण राहते, हे आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येक कार्यकारिणीला वाटते. तरीही कागद घेऊन बसले की चार-पाच नावांपलीकडे यादी सरकत नाही. म्हणून पहिला महिना यादी न करता फिरावे. वरळी, माहीम, खार दांडा, वर्सोवा येथील कोळीवाड्यांत नाचाची पथके सर्वांना माहीत असतात; पण लग्नात धवले, म्हणजे पारंपरिक विधिगीते, गाणारी वृद्ध धवलारीण तिच्या गल्लीबाहेर कोणाला माहीत नसते. वांद्रे आणि गोराईच्या गावठाणांत मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत घुमट (कातडे लावलेले मातीचे तालवाद्य) वाजवणारे आजही आहेत. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर वारली व इतर आदिवासी कुटुंबे राहतात. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेल्या नमन (लोकनाट्य) आणि शक्ती-तुऱ्याच्या (सवाल-जवाबाची गाणी) मंडळांचे सदस्य दिवसा नोकरी करून रात्री तालीम करतात. ठाणे आणि मुंबईतील बेने इस्राईल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांमध्ये मराठी कीर्तनांची परंपरा ऐकलेली माणसे भेटतात. झोपडवस्त्यांच्या कडेला गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, डोंबारी कुटुंबांची घरे असतात आणि त्यांच्याशी कार्यक्रमाविषयी बोलायला सहसा कोणी गेलेले नसते.

भेटीत 'तुम्ही कोणती कला सादर करता?' असा प्रश्न विचारू नये. बहुसंख्य लोक 'आम्ही काही कलाकार नाही' असेच उत्तर देतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते घरचे किंवा देवाचे काम असते. 'तुमच्याकडे लग्नात, हळदीला, जत्रेला कोण गाते, कोण वाजवते?' आणि 'त्यांना कोणी शिकवले?' हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जे नाव येते, तेच बहुधा आपल्याला हवे असते.

नेहमीची चूक: एकाच मध्यस्थामार्फत सर्व कलावंत ठरवणे. मध्यस्थ वाईट असतो असे नाही. पण तो स्वतःच्या गोतावळ्यापलीकडे जात नाही आणि बिदागीतला किती भाग प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या हाती पडला, हे कळायला मार्ग राहत नाही. मध्यस्थ घ्यायचाच असेल तर त्याचे मानधन वेगळे ठरवावे आणि ते सर्वांना माहीत असावे.

पुढे जाण्यापूर्वी तपासा: यादीतील प्रत्येक व्यक्तीशी आयोजकांपैकी कोणीतरी समोरासमोर बोलले आहे का? यादीत किमान निम्म्या स्त्रिया आहेत का? विभागातील तृतीयपंथी कलावंतांपर्यंत, विशेषतः यल्लम्माची गाणी गाणाऱ्या जोगत्यांपर्यंत, कोणी पोहोचले आहे का?

## २. कला मंचावर आणायची की नाही, हे त्यांना ठरवू द्या

ही पायरी जवळजवळ सगळेच आयोजक गाळतात आणि सर्वांत जास्त मने याच ठिकाणी दुखावतात. म्हणून तिला घाई करू नये.

आपण ज्याला लोककला म्हणतो, त्यातील बराच भाग जातीने लादलेले काम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतला गेला. हलगी वाजवणे, पोतराजाचे अंगावर आसूड ओढून घेणे, दारोदार फिरणे ही कामे अनेक दलित कुटुंबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर विचारपूर्वक सोडली. अशा घरातील तरुणाला 'तुमची पारंपरिक कला दाखवा' असे म्हणणे त्याच्या वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेल्या निर्णयाचा अवमान ठरू शकते. त्याच वस्तीत दुसरा तरुण हलगी मोठ्या अभिमानाने वाजवत असतो, तिच्यात नवे ताल बांधत असतो. दोघेही आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. आयोजकाचे काम इतकेच, की विचारावे आणि नकार आला तर आग्रह न धरता तो स्वीकारावा. नकार देणाऱ्याला वक्ता, चित्रकार किंवा कवी म्हणून बोलावता येते. पुष्कळदा त्याला तेच हवे असते.

वाघ्या-मुरळीच्या बाबतीत आणखी काळजी हवी. मुलींना देवाला वाहण्याची प्रथा कायद्याने बंद आहे. जागरण गाणाऱ्या स्त्रीची ओळख 'खंडोबाला वाहिलेली' अशी करून देऊ नये. तिला गायिका म्हणावे आणि तिच्या नावाने हाक मारावी. पोतराजाने स्वतःला मारून घेण्याचा भाग कोणी कितीही मागितला, तरी मंचावर घेऊ नये.

काही गोष्टी विधी आहेत आणि त्या मंचासाठी नाहीत. बेने इस्राईलांचा मलिदा हा नवस, कृतज्ञता आणि शुभकार्याशी जोडलेला धार्मिक विधी आहे. ईस्ट इंडियन लग्नातील उंबराच्या पाण्याची मिरवणूकही लग्नाशीच बांधलेली आहे. तिची गाणी आणि बँड मंचावर येऊ शकतात, पण विधीची नक्कल करवून घ्यावी की नाही, हे समाजातील ज्येष्ठांनी ठरवावे. गोंधळाचेही तसेच आहे. काही गोंधळी दिवटी पेटवून, चौक मांडूनच गातात. केवळ 'पाच मिनिटांचा नमुना' द्यायला ते तयार होत नाहीत आणि त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे असते. गण, आवाहन, कथा आणि आरती हा क्रम मोडला की गोंधळ उरत नाही. त्यामुळे वेळ कमी असेल तर दहा कलाप्रकारांचे तुकडे लावण्यापेक्षा तीनच घ्यावेत आणि प्रत्येकाला किमान पंचवीस मिनिटे द्यावीत.

विमुक्त समाजांशी बोलताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यावरील तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला. पण पोलिसांची आणि सोसायटीच्या पहारेकऱ्यांची नजर अजून पुष्कळ ठिकाणी बदललेली नाही. शिवाय १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे आणि खेळ करून पैसे घेणेही येते. रस्त्यावर कला दाखवून चादर पसरणाऱ्या कुटुंबाला या कायद्याची धास्ती प्रत्यक्ष अनुभवातून असते. म्हणून त्यांना 'चौकात खेळ करा, लोक पैसे टाकतील' असे कधीही सुचवू नये. कार्यक्रम ठरलेल्या जागेत, लेखी निमंत्रणाने आणि ठरलेल्या बिदागीवरच व्हावा.

सावधान: नंदीबैलवाले, गारुडी अशा कलावंतांना बोलावताना प्राणी आणू नयेत. करमणुकीच्या खेळांसाठी बैलांच्या वापरावर केंद्र सरकारने २०११ मध्ये बंधने घातली आहेत आणि साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. नंदीबैलवाल्याची गाणी, गुबुगुबु वाजणारे वाद्य आणि प्रश्नोत्तरांची ढब बैलाशिवायही सादर होते.

## ३. तारीख त्यांच्या दिनदर्शिकेतून काढा

आयोजक आपल्या सोयीचा शनिवार किंवा रविवार धरतात. त्याऐवजी प्रत्येक समाजाचे पुढील दिवस एका कागदावर उतरवून घ्यावेत.

- गोंधळी नवरात्रात आणि लग्नसराईत व्यग्र असतात; वाघ्या-मुरळी चंपाषष्ठीच्या आसपास.
- नमन आणि शक्ती-तुऱ्याची मंडळे शिमग्याला आणि गौरी-गणपतीला गावी जातात. त्या दिवसांत परळमध्ये त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.
- तमाशाच्या फडांचा भर चैत्र-वैशाखातील जत्रांवर असतो. त्यांच्या सुपाऱ्या आधीच ठरलेल्या असतात. ऐनवेळी बोलावल्यास फड तुटतो किंवा अर्धेच कलावंत येतात.
- पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. कोळी बांधवांना तेव्हा सवड असते, पण पाऊस असतो. म्हणून छपराची जागा घ्यावी. नारळी पौर्णिमेच्या आसपास मात्र त्यांचा स्वतःचा सण असतो. मासे विकणाऱ्या स्त्रियांसाठी बुधवार, शुक्रवार आणि रविवारची सकाळ कामाची असते.
- ईस्ट इंडियन कुटुंबे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्नगीतांचे आणि नाचाचे कार्यक्रम टाळतात.
- बेने इस्राईलांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत असतो. शनिवारी दुपारी चारला कार्यक्रम ठेवून 'ते आलेच नाहीत' अशी तक्रार करू नये.
- कव्वालांसाठी रमजान आणि मोहरमचे दिवस सोडावेत.
- तारपा भाताच्या नव्या पिकाशी जोडलेला आहे. ऐन पावसाळ्यात तो वाजवायला सांगणे अनेक वारली घरांना रुचत नाही.

सगळ्यांना जमेल असा एकच दिवस निघत नसेल तर दोन छोटे कार्यक्रम करावेत. डिसेंबरचा पूर्वार्ध आणि जानेवारीचा शेवट हे काळ बहुतेकांना मानवतात.

## ४. जागा आणि ध्वनिव्यवस्था

उंच मंच आणि समोर ओळीने खुर्च्या ही रचना व्याख्यानासाठी ठीक आहे. तारपा नाचात मात्र तारपावाला मध्यभागी असतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात आणि तारप्याकडे पाठ न करण्याची रीत पाळतात. हाच नाच वीस फुटी मंचावर चढवला की फेर अर्धवर्तुळ होतो आणि नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते. अशा प्रकारांसाठी मोकळे अंगण घ्यावे आणि प्रेक्षकांना चटयांवर गोलाकार बसवावे. धवले गाणाऱ्या स्त्रियाही सहसा बसून, एकमेकींकडे पाहत गातात. त्यांना उभे करून प्रत्येकीच्या हातात ध्वनिक्षेपक दिला तर गाणे तुटते.

चामड्याच्या वाद्यांची तयारी आयोजकांना माहीतच नसते. मुंबईच्या दमट हवेत हलगी आणि डफ यांचे कातडे सैल पडते. वाजवण्यापूर्वी ते विस्तवावर शेकावे लागते. मी मदतीला होतो अशा एका कार्यक्रमात सभागृहाच्या व्यवस्थापनाने विस्तव पेटवू दिला नाही, आम्हीही आधी विचारले नव्हते आणि शेवटी उत्तम हलगीवादकांना सैल हलगीवर वाजवावे लागले. ती त्यांची कमतरता आहे असे समजून लोक उठून गेले. त्यानंतर मी जागा पाहायला जातानाच तीन गोष्टी पाहतो: उघड्यावर शेकोटीसाठी सुरक्षित कोपरा, जवळ पाण्याच्या बादल्या आणि वाळू, आणि त्या कोपऱ्यापासून मंचापर्यंतचे अंतर. अंतर लांब असेल तर कातडे वाटेतच उतरते.

तारपा वाळलेल्या दुधीभोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा असतो, त्याचे सांधे मेणाने बसवलेले असतात. त्याला ऊन, गर्दी आणि टेम्पोतील आदळआपट सोसत नाही. त्यासाठी वाहनात स्वतंत्र जागा ठेवावी. घुमट मागवताना कातडे कोणते, हे विचारून घ्यावे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत असत. घोरपड आता संरक्षित प्राणी आहे आणि गोव्यात तसेच मुंबई परिसरातही बकऱ्याचे कातडे वापरले जाते.

ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवावे, की संबळ आणि हलगी यांना जवळचा ध्वनिक्षेपक जवळजवळ लागत नाही, तर तुणतुणे, एकतारी आणि वृद्ध गायिकेचा आवाज यांना तो लागतो. सर्वांना एकाच पातळीवर ठेवले तर संबळ गाणे गिळून टाकतो.

तपासा: कपडे बदलण्याच्या खोल्या किती आहेत? स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली आणि तृतीयपंथी कलावंतांसाठी त्यांना सोयीची खोली हवीच. चपला काढून नाचणाऱ्यांसाठी जमीन झाडलेली आणि खिळे-काचांपासून मुक्त आहे का? वयस्कर कलावंतांसाठी स्वच्छतागृह किती पायऱ्यांवर आहे?

## ५. बिदागी आणि कागदपत्रे

शाल-श्रीफळ हा सन्मान आहे, मोबदला नाही. एकूण खर्चाचा किमान अर्धा भाग प्रत्यक्ष कलावंतांच्या हाती पडावा, असा नियम मी धरतो. मंडप, जेवणावळ आणि पाहुण्यांच्या स्वागताने तो भाग खाल्ला, तर आखणी पुन्हा करावी. रक्कम ठरवताना पथकातील माणसे मोजावीत. गोंधळाची पार्टी चार-पाच जणांची, तारपा पथक पंधरा-वीस जणांचे, तमाशाचा फड त्याहून मोठा असतो. सर्वांना 'एका पार्टीचे' सारखेच पैसे दिले, तर मोठ्या पथकातील माणसाच्या वाट्याला दिवसाची मजुरीसुद्धा येत नाही.

प्रवासखर्च, जेवण आणि वाद्य वाहतूक बिदागीतून वजा करू नये. ठरल्या दिवशीच इसार द्यावा, कारण पथकाला कपडे, वाद्यांची दुरुस्ती आणि बुडालेली मजुरी यांसाठी पैसा आधी लागतो. उरलेली रक्कम कार्यक्रम संपल्यावर त्याच संध्याकाळी द्यावी. 'धनादेश पुढच्या आठवड्यात' या वाक्याने आतापर्यंत अनेक चांगले संबंध संपले आहेत. ज्यांचे बँक खाते नाही, त्यांच्यासाठी रोख रक्कम आणि अंगठा किंवा सहीची पावती तयार ठेवावी.

कराच्या बाबतीत दोन गोष्टी आपल्या लेखापालाकडून आधीच पक्क्या करून घ्याव्यात. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर स्रोतावर करकपात करावी लागते आणि पॅन क्रमांक नसल्यास ती जास्त दराने होते. म्हणून पॅन आहे का, हे पहिल्या महिन्यातच विचारावे. शेवटच्या दिवशी पाकीट उघडल्यावर कलावंताला कपात कळू नये. दुसरे असे, की लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातील संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचा मोबदला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यामुळे 'जीएसटी क्रमांक नाही म्हणून पैसे देता येत नाहीत' ही सबब चालत नाही.

लावणीच्या बारीत दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेले पैसे, हा उत्पन्नाचा भाग असू शकतो आणि तोच अपमानाचे कारणही होऊ शकतो. तो घ्यायचा की नाही, घेतलाच तर मंचाखाली पेटीत की कसा, हे पार्टीच्या मुख्य कलावंतीण बाईंना विचारून ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर बिदागी तेवढी वाढवावी आणि निवेदनात सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

चित्रीकरणाची संमती: कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरीकरण करणाऱ्या कलावंताला आपल्या सादरीकरणाच्या ध्वनी-चित्रमुद्रणावर हक्क असतो. छायाचित्र, पूर्ण चित्रीकरण, समाजमाध्यमावरील छोटी चित्रफीत आणि विक्री अशा चार वेगळ्या ओळी असलेला साधा मराठी कागद करावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि प्रत्येक ओळीसमोर होय किंवा नाही घ्यावे. एक प्रत कलावंताकडे राहावी.

चित्रकारांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. वारली चित्रकाराचे तयार चित्र विकत घेतले तरी ते टी-शर्टवर किंवा पिशव्यांवर छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मात्र मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून चित्र काढून घेतले आणि काही लिहून ठेवले नाही, तर कायदा कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणाऱ्याला धरतो. म्हणून भिंतचित्र किंवा बोधचित्र करून घेताना 'कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील' हे वाक्य कागदावर आवर्जून लिहावे. काही हक्क खरोखर घ्यायचे असतील तर मुदत लिहावी. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते.

## ६. परवाने

या पायरीवर फार थांबण्याची गरज नाही, पण अर्ज किमान महिनाभर आधी द्यावेत. मैदान किंवा रस्त्याच्या वापरासाठी महापालिकेचे विभाग कार्यालय, ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाणे, मंडप असेल तर अग्निशमन दल आणि मिरवणूक असेल तर वाहतूक पोलीस. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. जवळ शांतता क्षेत्र घोषित आहे का, ते पाहावे. वग किंवा संहिता असलेला नाट्यप्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते पथकाकडे आहे का, हे आधीच विचारावे. खाद्यपदार्थांचे स्टॉल ठेवल्यास अन्नसुरक्षा नोंदणी लागते आणि कोळी किंवा ईस्ट इंडियन स्त्रियांकडून स्वयंपाक करून घेतल्यास त्याचे पैसे बिदागीप्रमाणेच द्यावेत.

परवान्याच्या अर्जासाठी कलावंतांची ओळखपत्रे मागितली गेली तर आयोजकांनी स्वतः पोलीस ठाण्यात जावे. विमुक्त समाजातील कलावंताला 'जरा ठाण्यात जाऊन या' असे सांगू नये.

## ७. ओळख, फलक आणि निवेदन

फलकावर नाव कसे लिहायचे, हे प्रत्येकाला विचारून लिहून घ्यावे आणि छपाईपूर्वी पुन्हा दाखवावे. काही कलावंतांना जातीचे नाव अभिमानाने लिहिलेले हवे असते. काहींना ते नको असते, कारण कोल्हाटी, डोंबारी ही नावे शिवीसारखी वापरलेली त्यांनी ऐकलेली असतात. हा निर्णय आयोजकाचा नाही. काहीच सांगितले गेले नाही तर व्यक्तीचे नाव, कला, वाद्य आणि गाव किंवा वस्ती एवढेच लिहावे. 'आदिवासी नृत्य पथक' असे लिहून वीस माणसांची नावे गाळणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. पाहुण्याचे नाव तीन ओळींत आणि कलावंतांचे 'व इतर' मध्ये, असा फलक छापूच नये.

निवेदकाला पंधरा दिवस आधी प्रत्येक पथकाकडे न्यावे. त्याने 'लोप पावत चाललेली', 'बिचारे', 'अशिक्षित असूनही' असे शब्द वापरू नयेत. ज्या स्त्रीला शंभर धवले पाठ आहेत, तिचे शिक्षण झालेले आहे. वारली चित्रांची ओळख करून देताना ती मूळ लग्नचौकाशी, म्हणजे लग्नावेळी भिंतीवर काढायच्या चित्राशी, आणि सुवासिनींच्या हातांशी जोडलेली आहेत, हे सांगावे. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि गेरूने सारवलेली भिंत यांबद्दल चित्रकारालाच बोलू द्यावे. तृतीयपंथी कलावंताची ओळख करून देताना नाव आणि क्रियापदाचे लिंग त्यांनी सांगितले तेच वापरावे. बोलीभाषेतील गाण्याचा अर्थ निवेदकाने आधी सांगावा; गाणे चालू असताना मध्ये बोलू नये.

प्रसिद्धीचा पहिला संदेश ज्या वस्त्यांतून कलावंत येणार आहेत, तिथे जावा. पहिल्या दोन रांगा त्यांच्या कुटुंबीयांसाठी ठेवाव्यात. या रांगा मान्यवरांना देऊन कलावंतांच्या घरच्यांना मागे उभे ठेवणे मी अनेकदा पाहिले आहे आणि ते प्रत्येक वेळी मनाला लागले आहे.

## ८. कार्यक्रमाचा दिवस

१. पथके निघण्यापूर्वी वाहन त्यांच्या वस्तीत पोहोचले आहे का, हे चालकाला विचारावे. पथकाला फोन करून 'कुठे आलात' विचारणे हे स्वागत होत नाही.

२. सोसायटीच्या किंवा सभागृहाच्या पहारेकऱ्यांना कलावंतांची यादी सकाळीच द्यावी आणि मुख्य दारावर एक कार्यकर्ता उभा ठेवावा. मागच्या दाराने आत घेणे पूर्णपणे टाळावे.

३. जेवण पाहुण्यांच्या बरोबरीने, त्याच पंगतीत, त्याच पदार्थांचे असावे. कोण काय खात नाही, हे आधी विचारलेले असावे.

४. ध्वनिचाचणीला प्रत्येक पथकाला किमान दहा मिनिटे द्यावीत. सर्वांत मृदू आवाजाच्या पथकापासून सुरुवात करावी.

५. शेकोटी पेटवण्याची वेळ कार्यक्रमपत्रिकेत लिहावी. हलगीचे सादरीकरण जिथे असेल त्याच्या आधी वीस मिनिटे ती तयार हवी.

६. भाषणे एकूण दहा मिनिटांत आटोपावीत. ती लांबली, तर कात्री कलावंतांच्या वेळेवर चालते आणि शेवटचे पथक रात्री दहाच्या मर्यादेत अडकते. शेवटचे पथक नेहमी दुरून आलेले असते.

लगेच तपासा: सादरीकरण संपल्यावर पथक निघण्यापूर्वी उरलेली बिदागी दिली का? वाहन परत वस्तीपर्यंत सोडणार आहे ना?

## ९. नंतरच्या तीन आठवड्यांतील कामे

कार्यक्रम संपला की आयोजक थकलेले असतात आणि याच टप्प्यावर कलावंतांचे खरे नुकसान होते. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेसारख्या योजनांत अर्ज करताना कलाक्षेत्रातील अनेक वर्षांच्या कामाचे पुरावे द्यावे लागतात. ज्यांनी आयुष्यभर जत्रांत आणि दारोदार गायले, त्यांच्याकडे कागद नसतो. म्हणून प्रत्येक कलावंताच्या नावाने, पथकाच्या प्रमुखापुरते न थांबता, संस्थेच्या पत्रशीर्षावर प्रमाणपत्र द्यावे. त्यात पूर्ण नाव आधारपत्राशी जुळणारे, कलाप्रकार, वाद्य, तारीख, ठिकाण आणि सही-शिक्का असावा. सोबत फलकाची एक प्रत आणि सादरीकरणाचे छापील छायाचित्र द्यावे; भ्रमणध्वनीवर पाठवलेले छायाचित्र फोन बदलला की नाहीसे होते.

चित्रफीत सार्वजनिक करण्यापूर्वी ती पथकाला दाखवावी. संमतीपत्रात 'नाही' लिहिलेला भाग कापला आहे का, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे. वृत्तपत्रात बातमी आली असेल तर तिचे कात्रण प्रत्येक वस्तीत नेऊन द्यावे. त्या भेटीत पुढच्या वर्षीची तारीख विचारून घ्यावी, आणि कोणाला बोलवायचे राहून गेले, हेही विचारावे. कारण हलगीवाल्याला दुसरा हलगीवाला आणि धवलारणीला शेजारच्या कोळीवाड्यातील धवलारीण नेहमीच माहीत असते, आणि पुढच्या यादीची पहिली नावे तिथूनच मिळतात.